हिंवतापावरील सुई आणि परत येण्याचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या शताब्दीमहोत्सवानिमित्त सभागृहांत भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत आपल्या मंदिराच्या उभारणीचा, येथें येऊन झिजलेल्या मिशनऱ्यांचा आणि आपल्या वाडवडिलांच्या श्रद्धेचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहों, तो ऐकून तुम्हांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. हिंवतापावर जें औषध सुईनें टोचतात, त्याचे गुण, त्याचे अनिष्ट परिणाम आणि त्यासंबंधीं आपलें कर्तव्य, हा तो विषय होय. धर्मगुरूनें वैद्याच्या प्रांतांत पाऊल कां टाकावें, असें कोणी विचारील तर त्यास आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें आतांच देतों. दुसरें मागाहून देऊं, कारण तें देणें आम्हांला थोडें जड जाणार आहे.

महोत्सवाच्या तयारींत आम्हीं धर्मग्रामाची मृत्यूची जुनी नोंदवही चाळली. पहिल्या वर्षांच्या पानांवर लॅटिन भाषेंतील एक शब्द पुन्हां पुन्हां दृष्टीस पडतो: ‘फेब्रिस’, म्हणजे ताप. तान्हें मूल, फेब्रिस. पहिलटकरीण, फेब्रिस. घरचा कर्ता पुरुष, फेब्रिस. त्यांतील प्रत्येक ताप हिंवतापच असेल असें नव्हे. परंतु आपल्या भागांतील विहिरी, बावखलें आणि पाणी तुंबलेलीं शेतें ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस त्यांपैकीं पुष्कळ मृत्यूंचें कारण सांगावयास नको. ज्या वहींत आपल्या पूर्वजांचीं नांवें अशा रीतीनें लिहिलीं गेलीं, ती वही आज आमच्या हवालीं आहे. म्हणून हा विषय आमचाही आहे.

हिंवताप हा दूषित हवेनें होतो असा लोकांचा शतकानुशतकें समज होता. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच वाईट हवा असा आहे. खुद्द रोम शहर दलदलीनें वेढलेलें असल्यामुळें तेथें या तापाचा मोठा धाक असे. १६२३ सालीं पोपच्या निवडणुकीसाठीं जमलेल्या कार्डिनलांपैकीं कित्येक तापानें आजारी पडले व कांहीं मरण पावले. पुढें १८८० सालीं लव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरास अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत या रोगाचे जंतु दिसले, आणि १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत ते सांपडले. तेव्हां कोठें दोष हवेचा नसून अनाफिलीस जातीच्या मादी डांसाचा आहे, हें सिद्ध होऊं लागलें.

आपल्या देशांत या जंतूंच्या मुख्यत्वें दोन जाती आढळतात. विव्हॅक्स नांवाची जात पुन्हां पुन्हां ताप आणून माणसास झिजविते. क्वचित् तीही जिवावर बेतते. फाल्सिपेरम नांवाची जात मात्र फार घातकी. तिनें ग्रासलेल्या रक्तपेशी मेंदू, मूत्रपिंड इत्यादि अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात व रक्ताचा मार्ग अडवितात. वेळेवर उपाय न झाल्यास चांगला धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत बेशुद्ध होऊन दगावतो. आपल्या महाराष्ट्रांत गडचिरोलीच्या अरण्यभागांत या जातीचा जोर विशेष आहे.

या रोगावरील पहिल्या खऱ्या औषधाचा संबंध आपल्या पवित्र धर्मसभेशीं फार निकटचा आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, लीमा येथील येशूसंघीयांच्या औषधालयांत ब्रदर आगोस्तिनो सालुम्ब्रिनो सेवा करीत असत. सिंकोना झाडाच्या सालीनें थंडीताप हटतो, हें तेथें कळून आलें, आणि १६३१ च्या सुमारास ती साल येशूसंघीयांच्या हातून रोमला पोंचली. तेथें कार्डिनल हुआन दे लुगो यांनीं ती गोरगरिबांस वाटण्याची व्यवस्था केली. त्यामुळें युरोपांत तिला ‘जेझुइटांची पूड’ असेंच नांव पडलें, आणि पंथभेदाच्या त्या दिवसांत केवळ त्या नांवासाठीं कित्येकांनीं ती घेण्याचें टाळलें! पुढें १८२० सालीं पेल्तिए व काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं त्या सालींतून क्विनीन हें सत्त्व वेगळें काढलें. आपल्याकडे निलगिरीवर व दार्जिलिंगच्या बाजूस सिंकोनाचे मळे लावण्यांत आले, आणि ब्रिटिश अमदानींत क्विनीनच्या पुड्या पोस्टाच्या कचेरींतूनही विकल्या जात. तिची ती कडू चव कित्येक घरांतील आजी-आजोबांनीं आपल्या नातवंडांस वर्णन करून सांगितली असेल.

परंतु बेशुद्ध पडलेला, दांत आवळलेला, पोटांत कांहींही न ठरणारा रोगी कडू पूड गिळणार कशी? म्हणून क्विनीन सुईनें देण्याची रीत पडली. तिनें असंख्य जीव वांचविले, हें कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे. परंतु तिचे अनिष्ट परिणामही थोडे नव्हते. कानांत घंटा वाजल्यासारखा नाद होणें, ऐकूं कमी येणें, डोळ्यांपुढें अंधारी, मळमळ, चक्कर, हा त्रास तर नेहमींचाच. शिरेंतून औषध घाईनें गेल्यास रक्ताचा दाब एकाएकीं उतरे व हृदयाची लय बिघडे. म्हणून तें सलाईनमधून तासन्‌तास, थेंबाथेंबानें द्यावें लागतें. त्याखेरीज क्विनीनमुळें रक्तांतील साखर फार खालीं जाते, आणि गर्भवती स्त्रियांच्या बाबतींत तर हें भय अधिकच. औषधानें आलेली ही गुंगी आजाराचीच आहे असें समजून नातेवाईक स्वस्थ बसले, तर रोगी हातचा जातो.

तीच सुई कुल्ल्याच्या स्नायूंत टोचली असतां तेथें गळूं होई, मांस कुजे. आणि सुई चुकून मोठ्या नसेजवळ गेली तर पाऊल कायमचें लुळें पडे. आफ्रिका खंडांत पाय ओढीत चालणारीं अशीं कित्येक मुलें डॉक्टरांनीं पाहिलीं आहेत. त्यांतलीं पुष्कळ मुलें साध्या तापाचीं होतीं. तोंडानें औषध घेण्याजोगीं होतीं. त्यांना सुईची गरजच नव्हती. आईबापांना ती हवी होती, आणि देणाऱ्यानें ती दिली. बंधुभगिनींनो, हें वाक्य आपण लक्षांत ठेवूं या, कारण तें केवळ आफ्रिकेपुरतें खरें नाहीं.

आतां अलीकडच्या औषधाकडे वळूं. आपल्या स्त्रिया केंसांत माळतात तो सुगंधी दवणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याच गोत्रांतील एक वनस्पति चीन देशांत तापावर फार प्राचीन काळापासून वापरांत होती. १९६७ सालीं चीन सरकारनें हिंवतापावर नवें औषध शोधण्याचें कार्य हातीं घेतलें. त्यांत तू यूयू या विदुषीनें जुने वैद्यकग्रंथ तपासतांना चौथ्या शतकांतील गे हाँग या ग्रंथकाराची सूचना वाचली: ही वनस्पति उकळण्याऐवजीं पाण्यांत भिजवून तिचा रस पिळून घ्यावा. त्यावरून, उष्णतेनें तिचा गुण नाहींसा होत असावा, असें त्यांनीं ताडलें आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. रोग्यांस देण्यापूर्वीं तो अर्क त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम स्वतः घेऊन पाहिला. त्यांतून आर्टेमिसिनिन हें द्रव्य हातीं आलें. २०१५ सालीं तू यूयू यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच द्रव्यापासून आर्टेसुनेट हें औषध तयार होतें. कुपींत तें पांढऱ्या भुकटीच्या रूपांत असतें. टोचण्याच्या वेळींच तें विरघळवून शिरेंत देतात. दाखल होतांना एक मात्रा, बारा तासांनीं दुसरी, चोवीस तासांनीं तिसरी आणि मग दररोज एक, असा त्याचा क्रम आहे. क्विनीनशीं त्याची तुलना दोन मोठ्या प्रयोगांत झाली. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगांत भारत, बांगलादेश, म्यानमार व इंडोनेशिया या देशांतील १,४६१ रोगी होते. क्विनीन दिलेल्यांपैकीं शेंकडा २२ मरण पावले; आर्टेसुनेट दिलेल्यांपैकीं शेंकडा १५. दुसरा प्रयोग आफ्रिकेंतील नऊ देशांत ५,४२५ मुलांवर झाला व २०१० सालीं प्रसिद्ध झाला. तेथें हेंच प्रमाण शेंकडा १०.९ वरून ८.५ वर आलें. म्हणून आज जागतिक आरोग्य संघटना गंभीर हिंवतापांत आर्टेसुनेटलाच पहिलें स्थान देते. कान वाजणें नाहीं, तासन्‌तास सलाईन नाहीं, साखर उतरण्याचें भयही क्विनीनपेक्षां कमी.

येथें आमचें दुसरें उत्तर येतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या धर्मग्रामांतील एक तरुण, जो बोटीवर नोकरीस होता, पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांवरून घरीं परतला. आठवड्याच्या आंत त्यास ताप भरला आणि तिसऱ्या दिवशीं तो असंबद्ध बोलूं लागला. त्यास शहरांतील रुग्णालयांत नेलें. रक्तांत फाल्सिपेरमचे जंतु भरमसाट होते. आर्टेसुनेटच्या सुया सुरू झाल्या. चौथ्या दिवशीं त्यानें आईस ओळखलें, आणि पुढें तो स्वतःच्या पायांनीं चालत घरीं आला. त्या कुटुंबानें उपकारस्तुतीची मिस्सा सांगितली. ती आम्हींच अर्पण केली, आणि प्रवचनांत देवाचे व वैद्यांचे आभार मानले.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनीं त्याची आई आमच्याकडे आली. “फादर, पोराचा रंग उडालाय. जिना चढला कीं धापा टाकतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते. डोळे पण पिवळट दिसतात. शेजारीण म्हणते, कावीळ आहे, झाडपाल्याचें औषध देऊं या. तुम्हीं काय सांगतां?” आम्हीं काय सांगितलें? एवढा मोठा आजार होऊन गेला, अशक्तपणा राहणारच; त्यास विश्रांति द्या, फळांचा रस द्या, आम्ही प्रार्थना करतों. असें सांगून आम्हीं तिला आशीर्वाद दिला व घरीं पाठविलें. ती समाधानानें गेली. तिचें तें समाधान आम्हांला अजून बोंचतें.

दुसऱ्या दिवशीं शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर सहज त्यांच्या घरीं गेल्या. त्यांनीं त्याच्या पापणीचा आंतला भाग पाहिला आणि, “एक तास थांबूं नका,” असें म्हणून त्यास रुग्णालयांत पाठविलें. रक्ताचें प्रमाण निम्म्याहून खालीं उतरलें होतें. त्या रात्रीं आपल्या युवकसंघाच्या मुलांनीं रक्त दिलें, आणि देवाच्या कृपेनें तो वांचला. मागाहून घरीं परततांना दिलेला कागद शोधला. तो कपाटांत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर, नीट जपून ठेवलेला होता. त्यावर एक ओळ होती: चार आठवडे दर आठवड्यास रक्त तपासून घ्यावें. ती कोणी वाचली नव्हती. आणि आम्हीं तिला तो कागद दाखवावयास सांगितलें नव्हतें.

त्याला काय झालें होतें, तें आम्हीं पुढें समजून घेतलें. आपल्या डाव्या कुशींत प्लीहा आहे, जिला आपण पाणथरी म्हणतों. आर्टेसुनेट जंतूस त्याच्या अगदीं कोंवळ्या अवस्थेंत मारतें. तो मेलेला जंतु रक्तपेशींतून वेंचून काढण्याचें काम पाणथरी करते आणि ती पेशी पुन्हां रक्तांत सोडून देते. प्रभूनें सांगितलेला निदणाचा दाखला तुम्हांस आठवत असेल. निदण उपटतांना गहूही उपटला जाईल, म्हणून धन्यानें कापणीपर्यंत थांबावयास सांगितलें. येथें पाणथरी थांबत नाहीं. ती निदण उपटते, गहूं तेवढ्यापुरता उभा राहतो, परंतु त्याचें मूळ हललेलें असतें. अशा पेशींचें आयुष्य उणावतें, आणि एक ते तीन आठवड्यांनीं त्या एकदम मोठ्या संख्येनें फुटूं लागतात. मूळचे जंतु जितके अधिक, तितक्या अशा पेशी अधिक. ज्यांना लहानपणापासून हा रोग होत आलेला नाहीं, अशा प्रवाशांत हा परिणाम विशेष आढळला आहे. ताप नसतो, जंतु बहुधा उरलेले नसतात. माणूस बरा झाला असें सर्व म्हणत असतात, आणि तेव्हांच रक्त उतरूं लागतें.

हें ऐकून कोणी, “मग ही सुईच नको,” असें म्हणूं नये. आम्ही अगदीं निक्षून सांगतों: त्या तरुणास ती सुई मिळाली नसती तर आम्हांला उपकारस्तुतीच्या मिस्सेऐवजीं त्याच्या अंत्यविधीची मिस्सा अर्पण करावी लागली असती. हा परिणाम कांहींजणांसच होतो. बहुतेकांचा तो आपोआप निवतो, थोड्यांस रक्त द्यावें लागतें. आणि वेळीं लक्षांत आला तर त्यावर उपाय आहे. दोष औषधाचा नव्हता. दोष हा होता कीं, ताप उतरला त्या दिवशींच आम्हीं सर्वांनीं हिशेब मिटवून टाकला.

मोशेच्या नियमांत, लेवीय नांवाच्या ग्रंथांत, त्वचेच्या रोग्याविषयीं एक विधि आहे. याजकानें त्यास तपासावें, सात दिवस वेगळें ठेवावें, सातव्या दिवशीं पुन्हां तपासावें, आणि जरूर तर आणखी सात दिवसांनीं पुन्हां पाहावें. सेमिनरींत हे अध्याय आम्ही कंटाळत वाचीत असूं. आज त्यांतील शहाणपण आम्हांला कळतें. सात दिवसांनीं पुन्हां पाहणें हें त्या याजकाचें काम होतें. आम्हीं तें केलें नाहीं. तसेंच, प्रभूनें दहा कुष्ठरोग्यांस बरें केलें आणि एकटाच परत आला. परत येणें ही केवळ सभ्यतेची रीत नव्हे; तो बरें होण्याचाच एक भाग आहे.

आतां या सर्वांतून आम्ही धर्मग्रामाकडे जें मागणें करणार आहों, तें सांगतों.

पहिलें, प्रत्येक तापास सुई मागूं नका. ताप आल्यावर प्रथम रक्त तपासून घ्या. बोटाच्या एका थेंबावर हें काम होतें. साधा हिंवताप असेल आणि रोगी गिळूं शकत असेल, तर गोळ्याच योग्य होत. सुई देणारा डॉक्टर मोठा आणि गोळ्या देणारा लहान, हा आपला समज सोडून देऊं या.

दुसरें, ज्यास सुई खरोखर हवी, त्यास क्षणाचाही उशीर करूं नका. गुंगी, आंकडी, बसतां-उठतां न येणें, सतत वांति, धाप, काळी लघवी, पिवळे डोळे, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर घरगुती उपायांत रात्र दवडूं नका; थेट मोठ्या रुग्णालयांत चला. गर्भवती स्त्री व लहान मूल यांच्या बाबतींत तर विशेष त्वरा करा.

तिसरें, सुया संपल्या म्हणजे उपचार संपला नाहीं. रोगी गिळूं लागला कीं जोड-औषधाच्या गोळ्यांचा पूर्ण क्रम घ्यावाच लागतो. केवळ सुयांवर ताप उतरवून उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या, तर कांहीं जंतु जिवंत राहून औषधास दाद देईनासे होतात. कंबोडियाच्या बाजूस व आतां आफ्रिकेच्या कांहीं भागांत असे जंतु आढळले आहेत. जुन्या औषधांची शक्ति टिकविण्यांत मागील पिढ्या कमी पडल्या. या औषधाच्या बाबतींत आपण तसें होऊं देऊं नये. विव्हॅक्स जातीचे जंतु तर यकृतांत झोंपून राहतात. त्यांना सुई पोंचत नाहीं. त्यांसाठीं प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात. त्या गर्भवतीस देत नाहींत, आणि ज्यांच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य उपजतच कमी असतें, त्यांस त्या अपाय करतात. म्हणून त्या दुकानांतून परस्पर आणूं नयेत.

चौथें, आर्टेसुनेटची सुई घेऊन जो घरीं येईल, त्यानें चार आठवडे दर आठवड्यास रक्त तपासून घ्यावें. फिकटपणा, धाप, काळसर लघवी किंवा कावीळ दिसल्यास त्याच दिवशीं परत जावें, आणि “अमुक तारखेस मला आर्टेसुनेट दिलें होतें,” हें वाक्य डॉक्टरास आधीं सांगावें. हें एक वाक्य पुष्कळ वेळ वांचवितें.

यापुढें रुग्णालयांतून परतलेल्या कोणाच्या घरीं आम्ही भेटीस आलों, तर आशीर्वाद देण्यापूर्वीं कागद मागूं. त्यास कोणी चौकसपणा म्हणूं नये. जुन्या करारांतील सिराखाच्या ग्रंथांत वैद्याचा मान ठेवण्याविषयीं व भूमींतून उगवणारीं औषधें ही प्रभूचीच देणगी असल्याविषयीं शिकवण आहे. शहाण्यानें त्या देणगीचा अव्हेर करूं नये. सिंकोनाची साल त्याची, दवण्याच्या गोत्रांतील ती वनस्पतिही त्याचीच. आपल्याकडे एवढेंच राहिलें आहे कीं, ती देणगी अर्धवट घेऊं नये.

पेत्राच्या सासूचा ताप प्रभूच्या स्पर्शानें निघाला, आणि ती तत्काळ उठून त्यांची सेवा करूं लागली. आपणां सामान्यांस उठावयास चार आठवडे लागतात. तेवढा धीर धरण्याची बुद्धि तो आपणांस देवो. आणि पुढील महोत्सवीं जो कोणी धर्मगुरु ही नोंदवही उघडील, त्याला आपल्या पानांवर तो जुना शब्द क्वचितच दिसो.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.